गोखले की दिल्ली? अर्थशास्त्राच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांतून एक निवडताना

बारावीनंतर अर्थशास्त्र करायचं ठरलं की महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत दोन नावं पुढे येतात: पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था आणि दिल्ली विद्यापीठ. मग ‘नाव कुणाचं मोठं’ यावर आठ-पंधरा दिवस जातात. नाव दोन्हींचं मोठं आहे, त्यामुळे त्या वादातून काहीच हाती लागत नाही. निवड खरी दोन गोष्टींवर ठरते. पहिल्या चार सत्रांत गणित आणि संख्याशास्त्र किती खोलवर शिकवलं जातं, ही एक. आणि प्रत्यक्षात तुम्हाला कोणत्या इमारतीत, कोणत्या शिक्षकांसमोर बसायचं आहे, ही दुसरी. दोन्ही गोष्टी घरबसल्या, चार-पाच संध्याकाळी खर्च करून तपासता येतात.

इथे उदाहरण गोखले आणि दिल्लीचं घेतलंय. पण सिम्बायोसिस आणि फर्ग्युसन, किंवा मुंबईचं झेवियर्स आणि बाहेरचं एखादं खासगी विद्यापीठ अशी जोडी समोर असली तरी मोजपट्टी हीच लावा.

आधी नेमकं काय तोलताय ते लिहा

कागदावर दोन ओळी लिहा. प्रत्येक ओळीत पदवीचं पूर्ण नाव, कॉलेज किंवा संस्था, किती वर्षांचा अभ्यासक्रम आणि प्रवेश कोणत्या प्रक्रियेतून, एवढं हवं. हे लिहायला बसल्यावरच निम्मा गोंधळ संपतो.

दिल्लीच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा. १९४९ साली व्ही. के. आर. व्ही. राव यांनी उभी केलेली ही संस्था दिल्ली विद्यापीठाचाच भाग आहे, पण तिथे पदवीचे वर्ग भरत नाहीत. तिथलं अर्थशास्त्र एम.ए.पासून सुरू होतं. बी.ए. (ऑनर्स) इकॉनॉमिक्स तुम्ही करणार ते एखाद्या कॉलेजात: श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, सेंट स्टीफन्स, हिंदू, लेडी श्रीराम, मिरांडा हाऊस, हंसराज, रामजस, किरोडीमल, व्यंकटेश्वर आणि अशी आणखी कितीतरी. अभ्यासक्रम सगळीकडे एकच, अखेरची प्रश्नपत्रिकाही एकच. वर्गातलं शिकवणं, सोबतची मुलं, वसतिगृह आणि नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्या मात्र कॉलेजागणिक बदलतात. म्हणून ‘दिल्ली विद्यापीठ’ असं नुसतं लिहू नका. कॉलेजचं नाव लिहा, आणि ते अजून माहीत नसेल तर आपल्या गुणांत येऊ शकतील अशी चार नावं लिहा.

गोखले संस्था १९३० ची, भारत सेवक समाजाने रावबहादूर काळे यांच्या देणगीतून काढलेली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९९३ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी तिची स्वतःची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही. एकच आवार, डेक्कनला बीएमसीसी रस्त्यावर. संस्थेचा पिंड संशोधनाचा आणि पदव्युत्तर शिक्षणाचा, बी.एस्सी. इकॉनॉमिक्स त्या मानाने अगदी अलीकडचं. याचा फायदा असा की पहिल्या वर्षाच्या मुलाला एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणारी माणसं त्याच जिन्यात भेटतात आणि गाडगिळांच्या नावाचं ग्रंथालय हाताशी असतं. तोटा असा की हजारो विद्यार्थ्यांच्या आवारातली नाटकं, वादसभा, क्रीडास्पर्धा, शंभर मंडळं यातलं फारसं इथे सापडणार नाही.

अभ्यासक्रम कसा वाचायचा

दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवरून सत्रनिहाय अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या. माहितीपत्रक नको, त्यात हसरे चेहरे आणि हिरवळ असते. ‘सिलॅबस’ म्हणून जी कंटाळवाणी, प्रकरणवार फाइल असते ती हवी. मग पुढचे विषय कोणत्या सत्रात येतात ते पेन्सिलीने टिपा:

पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि लॅग्रांज पद्धतीने कन्स्ट्रेन्ड ऑप्टिमायझेशन. मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट. संभाव्यता, रँडम व्हेरिएबल आणि त्यांची डिस्ट्रिब्युशन्स. एस्टिमेशन आणि हायपोथेसिस टेस्टिंग. लिनिअर रिग्रेशन, आणि त्यातली गृहीतकं मोडली तर काय करायचं ते. गेम थिअरीची तोंडओळख. आर, स्टाटा किंवा पायथन यांपैकी एखाद्या साधनावर प्रत्यक्ष काम.

पहिल्या दोन सत्रांत गणित आणि संख्याशास्त्र, आणि चौथ्या-पाचव्या सत्रापर्यंत इकॉनॉमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीला संख्याशास्त्र लावण्याची शाखा) असेल तर गाडी योग्य रुळावर आहे. दिल्लीचा २०२२ पासूनचा अभ्यासक्रम असाच आहे. पहिल्याच सत्रात मुख्य विषयाचे तीन पेपर: प्राथमिक मायक्रो, अर्थशास्त्रासाठी गणिती पद्धती आणि अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र. म्हणजे तीनपैकी दोन गणिताच्या अंगाचे. बारावीला गणित कसंबसं काढलेल्या मुलाचा घास तिथेच अडकतो, आणि ‘आम्हाला वाटलं होतं अर्थशास्त्र म्हणजे बँका, महागाई, अर्थसंकल्प’ हे वाक्य ऐकू येतं.

पदवीच्या नावावर जाऊ नका. बी.एस्सी. म्हणजे गणित जास्त आणि बी.ए. म्हणजे कमी, असा नियम नाही. दिल्लीचं बी.ए. (ऑनर्स) कितीतरी बी.एस्सी. पदव्यांपेक्षा गणिती आहे. उलट, आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत बी.ए.ला अर्थशास्त्र ‘स्पेशल’ घेऊन एकही डेरिव्हेटिव्ह न काढता पदवी मिळते. त्या पदवीत वाईट काही नाही, पण एम.ए.च्या चांगल्या प्रवेशपरीक्षांसमोर ती तोकडी पडते.

तुलना आणखी नेमकी करायची असेल तर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआय) एम.एस. (क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स) प्रवेशपरीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या. तिचे दोन भाग असतात: पीईए हा गणिताचा, पीईबी हा अर्थशास्त्राचा. एक-दोन वर्षांचे पेपर समोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘गोखले, अमुक सत्र’, ‘दिल्ली, अमुक सत्र’ असं लिहीत जा. कोऱ्या जागा कुठे जास्त राहतात ते दिसेल. प्रश्न आत्ता सुटण्याची गरज नाही, विषय ओळखता आला तरी पुरे. हे काम नुकतीच पदवी घेतलेल्या कुणाच्या मदतीने तासाभरात होतं.

ऐच्छिक विषयांच्या यादीने मात्र हुरळून जाऊ नका. कागदावर पंधरा ऐच्छिक असतात, शिकवणारा माणूस असेल तेवढेच वर्गात येतात. पर्यावरण, आरोग्य, वित्त, विकास, आर्थिक इतिहास यांपैकी मागच्या वर्षी प्रत्यक्ष कोणते शिकवले, हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारायचा. कार्यालयाला विचारलंत तर यादीच वाचून दाखवतील.

पदवीनंतर कुठे जायचंय

अठराव्या वर्षी हे ठरलेलं नसतं, आणि नसलं तरी बिघडत नाही. पण कोणतं दार कशाने उघडतं ते माहीत असावं.

रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी भरतीत सर्वसाधारण शाखेला पदवी चालते, ६० टक्के गुण लागतात. मात्र आर्थिक संशोधनाच्या विभागासाठी अर्थशास्त्रातली किंवा तत्सम विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांसह हवी. यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसलाही अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. वय २१ ते ३०, आणि जागा मोजक्या. म्हणजे ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून सरकारी नोकरी हवी असेल तर पदवी हा फक्त पहिला टप्पा. खरा प्रश्न असा की तिथून दिल्ली स्कूल, आयएसआय, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (ही रिझर्व्ह बँकेनेच १९८७ मध्ये स्थापन केली) किंवा गोखलेच्याच एम.एस्सी.पर्यंत कोण सहज पोचवेल.

या वाटेवर दोन्ही पर्याय चांगले आहेत. गोखलेत पदव्युत्तर वातावरण पहिल्या दिवसापासून असतं. दिल्लीत बरोबरीची स्पर्धा आणि प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्यांची गर्दी असते. तीन वर्षांनंतर थेट कन्सल्टिंग, वित्त, विश्लेषण अशा खासगी क्षेत्रात उतरायचं असेल, तर दिल्लीच्या वरच्या पाच-सहा कॉलेजांना उघड आघाडी आहे, कारण मोठ्या कंपन्या पदवीच्या मुलांना घ्यायला तिथे जातात. तीच आघाडी यादीत विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाच्या कॉलेजला नाही, आणि इथेच पालकांची फसगत होते. श्रीराम कॉलेजच्या आकड्यांवर भाळून मूल पाठवायचं दुसऱ्याच कॉलेजात!

परदेशात एम.एस्सी. करायची असेल तर ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी चालते. अमेरिकेत बरेच विभाग सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे चार वर्षांची पदवी किंवा तीन वर्षांवर एम.ए. भारतातही चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांसह असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. त्यामुळे चौथ्या वर्षाचा प्रश्न आजच विचारून ठेवा. दिल्लीत तीन वर्षांनी १३२ क्रेडिटवर बाहेर पडता येतं किंवा १७६ क्रेडिटची चार वर्षं पूर्ण करता येतात. चौथ्या वर्षाची पहिली तुकडी २०२५-२६ ची, म्हणजे व्यवस्था अजून कोवळी आहे. त्या वर्षी प्रबंधाला मार्गदर्शक किती, एका शिक्षकाकडे किती मुलं, हे ज्या त्या कॉलेजात चौकशी करून कळेल. गोखलेलाही हाच प्रश्न विचारा: तिसऱ्या वर्षानंतर काय, आणि आपल्याच एम.एस्सी.ला पदवीच्या विद्यार्थ्यांना वेगळी वाट आहे का.

नागरी सेवा परीक्षा हेच ध्येय असेल तर या दोघांतलं कोणतंही चालेल. फक्त स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या मुखर्जीनगरजवळ राहायला मिळतं म्हणून दिल्ली निवडू नका. गणिताचे पेपर सांभाळत पहिल्या वर्षापासून क्लास लावणाऱ्यांचं बहुधा दोन्हीकडे नुकसान होतं.

शिक्षक मोजा

विभागाच्या पानावर जाऊन कायम शिक्षक किती ते मोजा. पाहुणे, तासिका तत्त्वावरचे, मानद अशी नावं वेगळी काढा. कायम शिक्षकांच्या आकड्याने अर्थशास्त्राच्या एकूण विद्यार्थ्यांना भागा. गोखलेसाठी भागाकार करताना लक्षात ठेवा की तेच शिक्षक एम.एस्सी.ही घेतात, तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थीही धरायचे. दिल्लीच्या कॉलेजांत अर्थशास्त्राचे शिक्षक बी.कॉम. आणि इतर शाखांनाही शिकवतात, तेही विसरू नका. मग प्रत्येक शिक्षकाची पीएच.डी. कशात आहे ते बघा. आठ जणांपैकी सहा जणांचा विषय एकच असेल, तर इकॉनॉमेट्रिक्स कोण शिकवतं हे विचारायलाच हवं.

ट्युटोरियल होतं का, ही लहान दिसणारी पण कळीची बाब. साठ-सत्तर जणांच्या वर्गात लॅग्रांज समजत नाही, दहा-पंधरा जणांच्या गटात गणितं सोडवताना समजतं. वेळापत्रकात ट्युटोरियल बहुतेक ठिकाणी असतं, तो तास खरोखर भरतो का हे दुसऱ्या वर्षाची मुलंच सांगू शकतील.

आता दोन्हीकडच्या दुखऱ्या जागा. गोखलेत २०२४ मध्ये कुलगुरूंच्या नियुक्तीचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा वादाचा विद्यार्थ्यावर परिणाम होतो तो तीन ठिकाणी: शिक्षक सोडून जातात का, निकाल वेळेवर लागतात का, नव्या जागा भरल्या जातात का. वर्तमानपत्रातल्या बातम्यांपेक्षा या तीन प्रश्नांची आजची उत्तरं महत्त्वाची. दिल्लीत दुखणं वेगळं. कॉलेज प्रचंड संख्येने, परीक्षा मध्यवर्ती. त्यामुळे तुमचा शिक्षक प्रश्नपत्रिका काढत नाही आणि पेपरही बहुधा तपासत नाही. मागच्या वर्षांचे पेपर सोडवणं हाच तिथला अभ्यासाचा रिवाज बनतो. ज्याला स्वतःच्या गतीने, शिक्षकाशी वाद घालत शिकायचंय त्याला लहान संस्था मानवते. ज्याला चुरस लागते त्याला दिल्ली.

क्रमवारी आणि प्लेसमेंटचे आकडे

एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, अर्थशास्त्राची स्वतंत्र क्रमवारी नाही. मिरांडा हाऊस २०१७ ते २०२३ आणि हिंदू कॉलेज २०२४ मध्ये ‘कॉलेज’ गटात पहिलं आलं ते सगळ्या विषयांचं मिळून. त्यात भौतिकशास्त्राचे शोधनिबंधही मोजले जातात. शिवाय गोखले अभिमत विद्यापीठ, म्हणजे तिचा गटच वेगळा. हे दोन क्रमांक शेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही.

प्लेसमेंट अहवालात ‘सर्वोच्च पॅकेज’ ही ओळ सोडून द्या. चार आकडे मागा: अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षात मुलं किती, त्यांपैकी नोंदणी केलेली किती, नोकरी लागलेली किती, आणि मध्यक (चढत्या क्रमात मांडल्यावर मधोमध येणारा) पगार किती. सरासरी आणि मध्यक यांत मोठी तफावत असेल तर एक-दोन मोठ्या पगारांनी सरासरी वर ओढली आहे. पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात हेच शिकवतात, ते इथेच वापरून बघा! पदवी आणि पदव्युत्तरचे आकडे एकत्र दिलेत का, हेही तपासा. एम.एस्सी. असलेल्या संस्थेत हा घोळ सहज होतो.

पैशाचा हिशेब

वर्षाची फी बघून थांबू नका. दिल्लीच्या कॉलेजांची फी एखाद्या खासगी किंवा स्वयंअर्थसहाय्यित संस्थेच्या तुलनेत कमी असते, पण पुण्या-मुंबईच्या किंवा नांदेड-कोल्हापूरच्या मुलाला खरा खर्च राहण्याचा येतो. बऱ्याच कॉलेजांना वसतिगृह नाही, आहे तिथे जागा थोड्या आणि गुणांवर. म्हणून हिशेब पीजीचाच (पेइंग गेस्ट म्हणून राहण्याचा) धरा: नॉर्थ कॅम्पसला कमलानगर, विजयनगर, हडसन लेन, जीटीबीनगर, साऊथ कॅम्पसला सत्यनिकेतन.

मांडणी अशी करा. समजा पीजीचं भाडं जेवणासह महिना १५,००० आहे. घरमालक सहसा अकरा-बारा महिन्यांचं मागतो, सुट्टीतही. म्हणजे वर्षाला १,८०,०००. वर अनामत, वीज (दिल्लीच्या मे-जूनमध्ये एसीचं बिल वेगळं लावतात), मेट्रो आणि घरी येण्याच्या तीन फेऱ्या. समजा हे सगळं ४०,०००. फी समजा ३०,०००. वर्षाला अडीच लाख, तीन वर्षांत साडेसात, चौथं वर्ष केलं तर दहा. हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत; त्यांच्या जागी तुम्हाला मिळालेले खरे आकडे टाका. पुण्यात राहणाऱ्याने गोखलेच्या रकान्यात राहण्याचा खर्च शून्य धरावा, बाहेरगावच्याने डेक्कन-एरंडवण्याची कॉट बेसिसची खोली आणि मेस धरावी. पुणेकराच्या बाबतीत संस्थेची फी जास्त असूनही एकूण बेरीज कमी येते, हे कित्येकांना गणित मांडल्यावरच कळतं.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी दिल्लीच्या सत्राच्या मधोमध येते आणि पुणे–निजामुद्दीन दुरांतो काय, झेलम काय, त्या दिवसांत मिनिटांत भरतात. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि ज्याला दमा आहे त्याने दिल्लीच्या नोव्हेंबरमधल्या हवेचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. ‘होईल सवय’ म्हणून तो सोडून देऊ नये.

शैक्षणिक कर्ज लागणार असेल, तर २०२४ मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत तुमची संस्था आहे का ते आधी बघा. या योजनेतल्या विनातारण कर्जाची सोय त्या यादीपुरतीच आहे.

दाखले: इथे महाराष्ट्रातली मुलं अडकतात

दिल्ली विद्यापीठ केंद्रीय आहे, त्यामुळे आरक्षण केंद्राच्या याद्यांनुसार. मराठा समाजाचं राज्यातलं एसईबीसी आरक्षण तिथे चालत नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढा. ओबीसींनी आपली जात केंद्रीय यादीत आहे का ते तपासावं, आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं घ्यावं. राज्याचं वेगळं असतं आणि ते नाकारलं जातं. भटक्या-विमुक्तांपैकी अनेक जाती केंद्रात ओबीसी म्हणून धरल्या जातात, तेव्हा त्यांनाही हेच लागू. दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा. एप्रिल उजाडला की लगेच अर्ज करा, जूनमध्ये तहसील कार्यालयात दहावी-बारावीची सगळी गर्दी लोटते.

बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही निकालानंतर लगेच काढून ठेवा. राज्याबाहेर जाताना ते मागतात.

सीयूईटी आणि सीसॅस

दिल्लीला २०२२ पासून बारावीच्या गुणांवर नाही, सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित किंवा उपयोजित गणित, आणि यादीतले आणखी दोन विषय असे चार पेपर धरले जातात. २०२५ च्या पद्धतीत प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, सगळे सोडवायचे. बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे पेपर २५० चा आणि एकूण १,००० चा. जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीचं पत्रक उघडं ठेवा.

इथे तीन चुका नेहमी होतात. गणिताचा पेपर न निवडणं ही पहिली: मग बाकी कितीही गुण पडोत, अर्थशास्त्र ऑनर्स हातचं जातं. महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकावर विसंबणं ही दुसरी. सीयूईटी एनसीईआरटीवर बेतलेली आहे. प्रकरणं बरीच सारखी असली तरी क्रम आणि प्रश्नांची ठेवण वेगळी, म्हणून बारावीच्या दिवाळीपासून एनसीईआरटीची उदाहरणं सोडवायला घ्या. तिसरी चूक बारावीला ज्या विषयाला हातही लावलेला नाही तो ‘सोपा’ म्हणून निवडण्याची. दिल्ली साधारणपणे बारावीत शिकलेले किंवा त्यांच्याशी जुळणारे विषयच मान्य करते.

मराठी माध्यमाच्या मुलांनी एक लक्षात घ्यावं: सीयूईटीच्या तेरा भाषांत मराठी आहे. भाषेचा पेपर मराठीचा देता येतो. मात्र इतर काही विद्यापीठं इंग्रजीचाच पेपर मागतात, म्हणून अर्ज कुठे कुठे करणार ते आधी ठरवा. पदवीचं शिक्षण दोन्हीकडे इंग्रजीतून आहे, त्याची तयारी सुट्टीतच सुरू केलेली बरी.

परीक्षेनंतर सीसॅस या दिल्ली विद्यापीठाच्या जागावाटपाच्या पोर्टलवर नोंदणी, मग कॉलेज आणि अभ्यासक्रमाच्या जोड्यांचा पसंतीक्रम. भरपूर जोड्या भरा, आठ-दहावर थांबू नका. क्रम मनापासूनच्या आवडीचा हवा, ‘मिळेल असं वाटतं’ याचा नको. वर लिहिल्याने खालची संधी जात नाही. पण जिथे मिळालं तरी जाणार नाही, ते कॉलेज यादीत घालूच नका. जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत स्वीकारून फी भरावी लागते. मुदत चुकली तर पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर. स्वीकारल्यावर ‘फ्रीझ’ (मिळालेली जागा कायम) किंवा ‘अपग्रेड’ (वरच्या पसंतीची वाट पाहणं). अपग्रेड निवडून वरची जागा मिळाली की आधीची आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही.

या यादीतच गोखलेची रेषा ओढा. गोखलेची प्रवेशप्रक्रिया वेगळी आहे आणि तिच्या तारखा त्या वर्षीच्या पत्रकात असतात. दिल्लीची पसंती भरतानाच, कोणत्या कॉलेजपर्यंत दिल्लीला जायचं आणि त्याखाली आलं तर पुण्यात राहायचं, ते घरात बसून ठरवा. आमचं मत सांगायचं तर, पुण्यात घर असलेल्या आणि संशोधनाकडे ओढा असलेल्या मुलाने ही रेषा बरीच वर, पहिल्या सात-आठ कॉलेजांनंतरच ओढावी. खासगी क्षेत्रात लवकर उतरायचं असेल किंवा घरापासून लांब राहायची मनापासून इच्छा असेल, तर ती थोडी खाली सरकवायला हरकत नाही. कॉलेजचं नाव पडद्यावर आल्यावर रेषा हलवू नका. त्या उत्साहात राहण्याचा खर्च, शिक्षकांचे आकडे, सगळं विसरलं जातं.

दोन्हीकडे पाय ठेवण्याचे दिवस

पुण्यातली फी जूनमध्ये भरायची वेळ येते आणि दिल्लीच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत लांबतात. तोवर हातात एक जागा हवीच. यूजीसीच्या परताव्याच्या नियमांनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत (त्यातून ५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ५,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापता येतं), तारखेआधीच्या १५ दिवसांच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीचं परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त १,००० रुपये कापायचे होते. त्या वर्षीचं परिपत्रक छापून जवळ ठेवा.

प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या, ईमेलवरही पाठवा. परतावा अर्जाच्या तारखेवर ठरतो, तोंडी बोलण्याला किंमत नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळणीपुरते दाखवायचे. ते ठेवून घेण्याचा संस्थेला अधिकार नाही, कुणी मागितले तर यूजीसीचा नियम दाखवा. शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा दाखला मात्र बहुतेक ठिकाणी मूळच जमा करून घेतात, म्हणून देण्याआधी त्याच्या चार साक्षांकित प्रती काढा आणि रद्द करताना तो परत मिळायला किती दिवस लागतात ते प्रवेशाच्याच दिवशी खिडकीवर विचारून घ्या.